माझ्यामागे त्याचं कोण करील?



मुलं हाताशी आली की आई मोकळी झाली, असं आपण सहज म्हणून जातो. मुलगा नोकरीला लागतो, मुलगी सासरी जाते, आणि गुडघ्यांची कुरकुर सांभाळत का होईना, पण बाई जरा टेकते. दुपारी आडवी होते, भिशीला जाते, अष्टविनायक करून येते. पण आपल्यातच काही आया अशा आहेत, की त्यांच्या संसारात हा मोकळं होण्याचा दिवस उगवतच नाही. मुलगा पस्तिशीचा आहे, पण त्याची दाढी वडील करतात आणि घास आई भरवते. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, पण दर महिन्याचे चार दिवस आईलाच सांभाळावे लागतात. मूल वाढलं ते अंगाने. त्याची बुद्धी मात्र चार-सहा वर्षांच्या पोरासारखीच राहिली.

पूर्वी अशा मुलांना मतिमंद म्हणत. २०१६ च्या कायद्यात ‘बौद्धिक दिव्यांगता’ हा शब्द आला. शब्द बदलला ते बरंच झालं. पण आज आपण मुलांबद्दल बोलायचं नाही, त्यांच्या आयांबद्दल बोलायचं आहे. ‘चौकट राजा’ हा चित्रपट १९९१ साली आला तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून आपण सगळ्यांनी डोळे पुसले होते. सुलभा देशपांडे यांनी केलेली त्याची आई आपल्यापैकी कितीजणींच्या मनात राहिली?

अशा आयांना एकच प्रश्न रात्री झोपू देत नाही. माझ्यामागे त्याचं कोण करील?

हा प्रश्न पूर्वी इतका तीव्र नव्हता, याला कारणं आहेत. एक तर घरं भरलेली असत. काकू, आत्या, आजी असं कुणी ना कुणी त्या मुलाला पाठीशी घेई. दुसरं म्हणजे ही मुलं फार जगत नसत. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या मुलांचंच पाहा. अमेरिकेत १९८३ साली त्यांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते साठीच्या घरात गेलं आहे. हृदयावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, औषधं आली, मुलं जगू लागली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यामुळे आई सत्तरीची आणि मूल पंचेचाळिशीचं, अशी घरं आपल्याकडेही आता दिसू लागली आहेत. घरात मात्र उरली ती दोनच म्हातारी माणसं.

हा ताण अंगावर निघतो. पाठ धरते, रक्तदाब चढतो, झोप तुटते, क्षुल्लक कारणावरून संताप येतो, आणि मग ‘मी आई असून त्याच्यावर ओरडले’ म्हणून रडू येतं. हे मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकेत एलिझाबेथ ब्लॅकबर्न, एलिसा एपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पन्नाशीच्या आतल्या ५८ मातांची तपासणी केली. त्यांपैकी ३९ जणींच्या घरी सततचा आजार असलेलं मूल होतं. पेशींमधल्या रंगसूत्रांच्या टोकांना जी संरक्षक टोपणं असतात, ती वय वाढेल तशी झिजतात. या ३९ जणींमध्ये सेवेची वर्षं जितकी जास्त, तितकी झीज जास्त आढळली. आणि आपल्यावर फार ताण आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या पेशी ताण कमी वाटणाऱ्यांपेक्षा निदान दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसल्या.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की घरात आजारी मूल आहे एवढ्यानेच सगळ्याजणी सारख्या झिजल्या नव्हत्या. फरक पडला तो वर्षांनी, आणि ओझं किती वाटतं याने. वर्षं आपल्या हाती नाहीत. पण ओझं वाटून घेणं, निदान काही अंशी, आपल्या हाती आहे. आपल्यावाचून मुलाचं चालेल अशी सोय आपण धडधाकट असतानाच करायची, हाच या ताणावरचा खरा उतारा. ती कशी करायची ते पाहू.

पहिली गोष्ट, त्याला काम शिकवा. ‘त्याला काय कळतंय!’ म्हणून आपण त्याचं सगळं करत राहतो. त्यात माया असते आणि घाईही असते. त्याने शर्ट घालायला वीस मिनिटं लावायची, त्यापेक्षा आपण दोन मिनिटांत घालून मोकळं व्हायचं. पण ती दोन मिनिटं तीस वर्षं रोज मोजा! या मुलांच्या शाळांमधल्या बाई एक युक्ती सांगतात. कामाचे बारीक तुकडे करायचे आणि शेवटचा तुकडा आधी शिकवायचा. शर्टाची सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं एक त्याला लावू द्या. ते जमलं की शेवटची दोन. अशाने प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो आणि तो हात झटकत नाही. वाटाणे सोलणं, पानं मांडणं, वाळलेले कपडे घडी करणं, केर काढणं, झाडांना पाणी घालणं ही कामं पुष्कळांना जमतात. घडी वाकडी आली तर येऊ द्या. त्याच्यादेखत पुन्हा घालू नका.

मुलीच्या पाळीची धास्ती प्रत्येक आईला असते. तिथेही सवयच कामी येते. पाळी नसलेल्या दिवसांतही अधूनमधून घडी लावायचा सराव करून घ्या, चड्डीवर घडीची जागा दोऱ्याने शिवून खूण करून ठेवा, सामान कपाटात एकाच जागी ठेवा. कॅलेंडरवर तारीख तिलाच रंगवू द्या. मुलगा वयात आल्यावर चारचौघांत काही भलतं करू लागला, तर मारझोड करून उपयोग होत नाही. ‘हे इथे नाही, आपल्या खोलीत, दार लावून,’ एवढंच रोज त्याच शब्दांत शांतपणे सांगावं लागतं. हे काम वडिलांनी केलं तर अधिक बरं.

एकदम वागणं बिघडलं, मूल हट्टी किंवा मारकुटं झालं, तर ‘वेड लागलं’ म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्या. या मुलांना दुखणं सांगता येत नाही. किडलेली दाढ, कानातला मळ, बद्धकोष्ठता यांनीही ती डोकं आपटून घेतात. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉईडची तपासणी नियमित हवीच. चाळिशीनंतर अशा मुलांना विस्मरणाचा आजारही इतरांपेक्षा फार लवकर गाठू शकतो. कालपर्यंत येणारं काम आज जमत नसेल, तर तो आळस समजू नका.

दुसरी गोष्ट, घरातल्या माणसांना वाटेकरी करून घ्या. ‘मला कुणी मदत करत नाही,’ अशी तक्रार करणारी आईच पुष्कळदा कुणी पुढे झालं की म्हणते, ‘राहू दे, तुम्हाला जमायचं नाही.’ यजमानांनी आंघोळ घातली आणि कानामागे साबण राहिला, तर आभाळ कोसळत नाही. नेमून काम द्या. रविवारची सकाळ त्यांची, म्हणजे त्यांचीच. त्या वेळात तुम्ही घराबाहेर पडा. घरात राहिलात तर हाका तुम्हालाच येतील.

आणि एक वही घाला. त्याची वही. औषधं कोणती, कधी, किती. काय खातो, कशाची ॲलर्जी आहे. फटाक्यांना भितो का, कुकरच्या शिट्टीला भितो का. त्याच्या भाषेत कुठल्या शब्दाचा काय अर्थ. रडायला लागला तर कशाने गप्प होतो. झोपताना काय जवळ लागतं. कागदपत्रं कुठल्या कपाटात. हे सगळं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. तुम्हाला उद्या दवाखान्यात ठेवलं तर ते कुणाला कळणार?

वही झाली की सराव करा. आधी दोन तास मावशीजवळ. मग एक दिवस. मग एक रात्र. वर्षातून चार-सहा दिवस तरी आईवाचून राहण्याची त्याला सवय लागली पाहिजे. हे वाचताना काहीजणींना मी दुष्ट वाटेन. पण या घरांत सर्वांत वाईट काय होतं ते ध्यानात घ्या. आई अचानक जाते, आणि त्या लेकराची आई, घर, अंथरूण, ताट, सगळं एकाच दिवशी सुटतं. का सुटलं ते त्याला सांगताही येत नाही. तो धक्का आपण थोडा थोडा आधीच पचवून ठेवू शकतो.

भावंडांशी मात्र मोकळेपणाने बोला. धाकटा करीलच, त्याची बायको करीलच, असं गृहीत धरून गप्प बसणं सुनेवरही अन्याय आहे आणि मुलावरही. तुम्हाला काय जमेल, काय जमणार नाही, असं विचारा. ‘महिन्याला पैसे देईन, पण जवळ ठेवून घेणं होणार नाही,’ असं कुणी सांगितलं तर राग मानू नका. खरं उत्तर मिळालं, आता पुढची सोय करता येईल.

एक सल्ला मात्र हमखास मिळतो, तो ऐकू नका. ‘लग्न लावून द्या, सुधारेल.’ लग्न हे औषध नव्हे. खरी परिस्थिती लपवून गरिबाघरची मुलगी आणणं म्हणजे सून न आणता बिनपगारी दाई आणणं आहे. मुलीचं असं लग्न लावलं तर तिचे हाल विचारूच नका. ज्याला संमती म्हणजे काय हेच कळत नाही, त्याचं लग्न कायद्यानेही टिकेलच असं नाही.

तिसरी गोष्ट कागदांची. बायका हे काम यजमानांवर टाकतात आणि यजमान पुढच्या महिन्यावर. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होतं. आईबाप म्हणून आपली सही आपोआप चालत नाही. बँकेत, दवाखान्यात, घराच्या व्यवहारात तिथे अडतं. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. बौद्धिक दिव्यांगता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी त्यात कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे आईवडिलांनी किंवा नातेवाइकांनी अर्ज करायचा. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मिळकतीची यादी द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा असतो. पालक छळ करत असेल, हयगय करत असेल, मिळकत खात असेल, तर त्याला काढूनही टाकता येतं.

त्याआधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र काढा. बाकी सवलतींची दारं त्याने उघडतात. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. संजय गांधी निराधार योजनेत गरजू दिव्यांगांना दरमहा मदत मिळते. रक्कम आणि उत्पन्नाची अट वेळोवेळी बदलते, म्हणून तहसील कचेरीत जाऊन विचारा.

यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत असतील आणि त्यांना निवृत्तिवेतन असेल, तर ही गोष्ट मुळीच विसरू नका. स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवून घ्या. मागाहून भावंडांना कागदांसाठी खेटे घालावे लागतात. खाजगी नोकरीतल्यांच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची अट नाही. राज्य सरकारच्या किंवा इतर नोकरीत असाल तर आपापल्या कार्यालयात नियम विचारून ठेवा.

मृत्युपत्र कराच. घर, पैसा नुसता त्या मुलाच्या नावे करून ठेवला, तर त्याला तो सांभाळता येणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडाला पाणी सुटेल. चांगल्या वकिलाच्या सल्ल्याने त्याच्यासाठी ट्रस्ट करता येतो. शक्यतो त्याला सांभाळणारा माणूस एक आणि पैसा बघणारे विश्वस्त दुसरे, असं असावं. एकाचं लक्ष दुसऱ्यावर राहतं.

आता एक नाजूक प्रश्न. मुलाला संस्थेत ठेवावं का? लोक काय म्हणतील, या भीतीने पुष्कळ आया हा विचारसुद्धा मनात आणत नाहीत. पण अशा कितीतरी संस्था पालकांच्याच धडपडीतून उभ्या राहिल्या आहेत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, ती आपल्या मुलीसाठी धडपडणाऱ्या आईवडिलांमुळे. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं, त्यांचा स्वतःचा मुलगा असाच होता. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेच्या पालकांनी मोठ्या मुलांसाठी ‘घरकुल’ उभारलं. ही माणसं काही आपल्या मुलांना टाकून देणारी नव्हती.

संस्था निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. न कळवता जा, आणि जेवणाच्या वेळेला जा. मोरी आणि संडास पाहा. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात ते विचारा. मुलींच्या आंघोळीपांघोळीला बायकाच आहेत ना, ते पाहा. मुलांना दिवसभर काही काम आहे की नुसती भिंतीला टेकून बसली आहेत? आईबापांना केव्हाही येऊ देतात का? २०१६ च्या कायद्याप्रमाणे अशा संस्थेला नोंदणीचा दाखला लागतो, तो मागायला संकोच करू नका. नुसत्या दिवसाच्या कार्यशाळाही पुष्कळ शहरांत आहेत. सकाळी जाऊन तो पाकिटं चिकटवतो, पणत्या रंगवतो, संध्याकाळी घरी येतो. त्याचा दिवस भरतो आणि तुमचे चार तास सुटतात. त्या चार तासांत साठलेले कपडे धुवायचे नाहीत. झोपायचं.

शेवटी, ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. यातल्या कितीतरी आयांच्या मनात कधी ना कधी येतं, ‘देवा, माझ्याआधी याला ने.’ असं मनात आलं म्हणून तुम्ही कैदाशीण ठरत नाही. ही थकव्याची आणि काळजीची भाषा आहे. पण त्या विचारापुढे ‘मीच याला घेऊन जावं’ असा विचार येऊ लागला, जेवणावरची वासना गेली, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडू लागलं, तर ते दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहे. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की पैसे न पडता मराठीतही बोलता येतं. कुणाला न सांगता सोसत बसण्यात कसलाच मोठेपणा नाही.

ज्यांच्या घरी असं मूल नाही, त्या भगिनींनाही एक विनंती आहे. तुमच्या वाड्यात, सोसायटीत अशी एक आई बहुधा असेल. ‘किती हो करता तुम्ही!’ असं म्हणून पुढे जाऊ नका. हळदीकुंकवाला तिला बोलवा, आणि मुलालाही घेऊन यायला सांगा. तो जोरात हसला, लाडू सांडले, तर कुणी तोंडं फिरवायची नाहीत. आणि एखाद्या दुपारी तिच्या घरी जाऊन म्हणा, ‘मी दोन तास बसते त्याच्यापाशी, तुम्ही बाजारात जाऊन या.’ पहिल्यांदा ती नाही म्हणेल. दुसऱ्यांदा पुन्हा जा.

आणि त्या आईने आजपासून एवढंच करावं. ती वही आणायची, पहिल्या पानावर त्याचं नाव घालायचं, आणि त्याच्या औषधांपासून लिहायला सुरुवात करायची. बाकीचं मग एकेक करून होतं.